राईपाशी थांबणारा फोनो

वेल्हे, ८ ऑक्टोबर १९५६

शाळा सुटली, दोन भाकऱ्या थापल्या, एक खाल्ली, एक झाकली आणि अंगण ओलांडून आक्कांकडे. आज पाच तबकड्या झाल्या. आक्कांचे यजमान हवालदार होते, त्यांनी लढाईवरून परत येताना आणलेला फोनो अजून खणखणीत आहे. हवालदार गेले, गेल्या वर्षी आक्कांचं उजवं अंग लुळं पडलं, फोनोला मात्र सर्दीसुद्धा होत नाही. चावी मी द्यायची, पिन मी बदलायची आणि गाणं संपलं की फोनोचा हात मीच उचलायचा. नाही उचलला तर पिन आतल्या कडेला खरवडत बसते, तबकडीचं वाटोळं होतं. आक्का खाटेवर, डावा हात तिथवर पोचत नाही. सून सरू खाचरात, नाहीतर गोठ्यात. मग उरलं कोण? त्यांच्याच अंगणातल्या खोलीत भाड्याने राहणारी शाळेतली बाई!

शेवटी आक्कांची लाडकी जुनी लावणी. गाणं संपतं आणि ती गाणारीण ठसक्यात स्वतःचं नाव-गाव सांगते, मग खरखर. तिनं नाव सांगितलं की आक्का लगेच, "आन म्या सखू, वेल्ह्याची!" रोज हेच. मी रोज हसते.

बाकी विशेष नाही.

१२ ऑक्टोबर

शाळेतून येते तो दारात तिघं उभी. एकाला कचेरीचा अर्ज लिहून हवा, एकाला त्याच्या पोराचं वय शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षांनी कमी करून हवं (हाकलला), एकीला मुंबईच्या नवऱ्याचं पत्र वाचून हवं. सगळ्यांचं तोंड एकच, "बाई, जरा काम होतं." माझं नाव या गावात हेच असावं.

पत्रात नवऱ्याने आधी म्हशीची खुशाली विचारलीय, तिची चौथ्या ओळीत. वाचताना मी म्हैस मागे ढकलली आणि तिला वर घेतलं. ती लाजली. मेल्याला कळायचं नाही आणि हिला कळू द्यायचं नाही.

वि. ना.

१९ ऑक्टोबर

तपासणीला साहेब आले होते. हेडमास्तर साहेबांच्या मागे मागे, मुलं पाढे विसरली, मी मात्र नकाशावरच्या दिशा दाखवताना साहेबांनाच तोरण्याच्या बाजूने उभं राहायला सांगितलं. या सगळ्यात उशीर.

अंगणात पाय टाकला तर खर्र खर्र खर्र. सरू फोनो लावून धार काढायला गेलेली, म्हैस बसली अडून. पिन आतल्या कडेला खरवडतेय आणि आक्का खाटेवरून ओरडतायत. धावत जाऊन हात उचलला. आक्का रडत होत्या. "फोनू बी बोंबलतोय, म्या बी बोंबलतीया, आयकनारं कोन न्हाई. तुमी नसला की हे आसं हुतं बगा."

मला वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर 'तुमी नसला की' हे शब्द झोपेपर्यंत पुन्हा पुन्हा आठवत राहिले, आणि बरं वाटलं. अकरा वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हापासून मी नसले म्हणून कुठे काही अडलेलं ऐकलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर

सरूच्या नवऱ्याला पत्र. दत्तू पुण्यात खानावळीत वाढपी आहे. सरू सांगत होती, मधून आक्का. कचेरीतल्या कुणी तरी सरूला सांगितलंय की पुण्यात फोनो आपोआप थांबवणारी कळ मिळते, जुन्या यंत्रालाही बसते. दिवाळीला येताना घेऊन ये.

आक्का म्हणाल्या, "लिवा, बाईस्नी तरी किती राबवायचं. त्या बिचाऱ्या रोज येत्यात, आमच्यापायी त्यांची सांज जाती."

लिहिलं. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'आमच्यापायी बाईंची सांज जाते.' या वेळी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पत्र एस्टीच्या पेटीत टाकून आले.

भोर, ६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे. भाऊबीज झाली. दादा दिवसभर नव्या राज्यावर बोलतो, मुंबई कुणाची यावर शेजाऱ्याशी भांडतो, आणि मला विचारतो, "तुझं बरं आहे ना?" उत्तराच्या आत वर्तमानपत्र वर.

वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाली, "वन्सं, आलात ते बरं झालं, जरा काम होतं." फाटक्या लुगड्यांची गठडी समोर. चार दिवस गोधड्या शिवतेय. वाईट वागवत नाहीत हो, छे! वेळेवर चहा, वेळेवर जेवण. पण काल दुपारी सुई टोचली म्हणून जरा टेकले, तर वहिनी दारातून म्हणाली, "झालं का संपून?" शिवण असेतो माझी जागा खिडकीपाशी. ते संपलं की कुठे बसायचं कळत नाही. मग नदीवर जाऊन आले.

आक्कांकडे दत्तू आला असेल.

वेल्हे, १८ नोव्हेंबर, रविवार

दुपारच्या एस्टीने आले. पिशवी ठेवायच्या आधी सरूची हाक, "बाई, चला, चला, थांब्या आलाय!"

थांब्या हे बारसं आक्कांचं. दत्तूने आणलेली कळ, बोटभर लांब, पितळी, दोन स्क्रूंवर बसवून गेला. फोनोचा हात फिरत फिरत येऊन तिला टेकला की खालून एक चामड्याचा तुकडा ताटलीला दाबतो आणि यंत्र थांबतं. कळीखाली बारीक रेघा कोरल्यात. कुठल्या रेघेवर ठेवायची, ते प्रत्येक तबकडीगणिक वेगळं, आणि कसं ठरवायचं ते कागदावर. कागद इंग्रजीत. दत्तू सांगून गेला, बाई वाचतील.

झालं! सरू, आक्का, शेजारच्या दोघी, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. माझी इंग्रजीची तीन पुस्तकं झालेली, तीही दहा वर्षांपूर्वी. पण 'येत नाही' म्हणायला जीभ वळली तर ना. वाचलं. सुई शेवटच्या... इथे अडले. ग्रूव्ह. हा शब्द बघितलेला होता. दुसऱ्या पुस्तकातला धडा, आंब्याची राई, चित्रात मोर. ग्रोव्ह म्हणजे राई! मी ठणकावून सांगितलं, "सुई शेवटच्या राईपाशी आणा आणि कळ हाताला टेकवा. त्याच्या पुढे जोराने ढकलू नका, बिघाड होईल."

आक्का म्हणाल्या, "रेकाटावर राई कुठनं आली वो?"

मलाही तेच पडलं होतं. पण सरूने तबकडी उजेडात धरली, तिरकी केली आणि ओरडली, "ही काय! हितं रान दाट हाय बगा, काळं काळं. हीच राई." आणि खरंच, शेवटाकडे दोन बोटं अलीकडे एक पट्टा जास्त काळा दिसतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रज लोक फार विचार करून शब्द ठेवतात, असं मीच वर म्हणाले.

२० नोव्हेंबर

थांब्या लावून सरू गोठ्यात गेली. मी खोलीतच थांबले, मुद्दाम. गेलेच नाही. भाकरी गिळवेना. अंगणापलीकडून लावणी सुरू, चालली, चालली आणि मध्येच गप्प. ओळ अर्धी, नाव नाही, गाव नाही.

मग आक्कांची हाक, "बाई! अवो बाई! ह्या मुडद्यानं तिचं नाव गिळलं!"

पळत गेले. चप्पलसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर

तीन दिवस राईचे प्रयोग. प्रत्येक तबकडी दोन बोटं आधी थांबते. अभंगात देव यायच्या आधी, पदात तान जागेवर यायच्या आधी. सरूने एकदा कळ पुढे ढकलायला हात घातला तर आक्काच ओरडल्या, "न्हाई हां, कागदात लिवलंय, राईच्या म्होरं जायाचं न्हाई."

निकाल झाला. थांब्या खुळा आहे. आक्का म्हणाल्या, "बाईंचा हातच बरा." थांब्या मागे वळवून ठेवला. संध्याकाळी सहा तबकड्या, मी पाटावर फोनोशेजारी, पहिल्यासारखी. लावणीबाईने नाव सांगितलं, आक्कांनी नाव सांगितलं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. चाळिशी जवळ आलेली बाई!

२८ नोव्हेंबर

हेडमास्तरांच्या कपाटातला इंग्रजी-मराठी कोश काढला होता, सहावीच्या एका शब्दासाठी. पानं उलटताना तो शब्द दिसला. ग्रोव्ह, राई, झाडी, एक ओ. त्याच्या जरा वर दुसरा, ग्रूव्ह, दोन ओ. खाच. चर.

सुई शेवटच्या खाचेपाशी आणा.

कान तापले. भर वर्गात कुणी तरी माझी पाटी सगळ्यांना दाखवावी तसं झालं. राई म्हणे! आणि वर इंग्रजांच्या विचारी स्वभावावर व्याख्यान. हे.मा. विचारतात, "सापडला का शब्द?" म्हटलं, सापडला.

संध्याकाळी सांगायचंच असं ठरवून गेले. सगळ्या हसतील, हसू देत. दारात आक्का म्हणाल्या, "आलासा? कवापासनं वाट बगतीया. आज म्या सरूला चावी बी देऊ दिली न्हाई."

सांगितलं नाही.

५ डिसेंबर

उद्या सांगते.

७ डिसेंबर

नाही सांगितलं. भाताची झोडणी चाललीय, सरू दमून येते, आज कशाला.

वि. ना. (हे वि. ना. खोटं आहे.)

१५ डिसेंबर

आज अर्धी शाळा, दुपारीच डोकावले. आक्का भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. फोनो बंद. मी आत आल्याचं कळल्यावर म्हणाल्या, "सकाळ भाकरतुकड्यात जाती. सांजच्याला तुमी हायसा. दुपार तेवडी लई लांब वो, सरता सरत न्हाई. भितीवरच्या पाली वळखाया लागल्यात मला."

हसले. हसता हसताच ध्यानात आलं. थांब्या नीट लागला तर सरू शेतात जाता जाता एक तबकडी लावून जाईल. मधे पाणी प्यायला आली की दुसरी. कुणी बसायला नको. आक्कांची दुपार सरेल.

आणि माझी संध्याकाळ? गाणं अंगणापलीकडे वाजेल, आपोआप थांबेल, मी माझ्या खोलीत बसून ऐकीन. कुणी म्हणेल, मग जा की नुसती बसायला, कुणी अडवलंय? मला ते येत नाही. आई गेल्यापासून मी कुणाच्याही घरी कामाशिवाय गेलेले नाही. काम असलं की दाराला हात लावता येतो. नसलं की कुठल्या तोंडाने शिरायचं?

म्हणजे मी त्या बाईची दुपार चोरतेय. लिहून ठेवलं. उद्या नक्की.

२९ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत भोरला नाही गेले. दादाला कळवलं, इथे जरा काम आहे.

नाही सांगितलं.

वेल्हे, १४ जानेवारी १९५७

संक्रांत. गावभर हळदीकुंकू. बायका नटून अंगणातून जातात, सरूही गेली, नाकात नथ, पदर सावरत. माझ्या दारापाशी आल्या की आवाज जरा खाली येतो, वाईट मनाने नाही. मला बोलवायचं नसतं आणि दुखवायचंही नसतं, मग बिचाऱ्या घाईने पुढे जातात.

मी आक्कांकडे. त्याही तसल्याच, मीही तसलीच. आक्का म्हणाल्या, "जाऊ द्या त्यास्नी. आपन दोघी मजा करू. लावा लावनी!" दोनदा लावली. तिळाची वडी डाव्या हाताने मला भरवली, अर्धी हनुवटीवर. दुसऱ्यांदा गाणारणीने नाव सांगितलं, आक्कांनी सांगितलं, आणि मग एकदम माझ्याकडे वळून, "तुमचं नाव काय वो बाई? वरीस झालं, म्या इचारलंच न्हाई."

कमल, म्हटलं. इतक्या दिवसांनी ते बोलताना दुसऱ्याच कुणाचं सांगतेय असं वाटलं. आक्का दोनदा म्हणाल्या, "कमळ. कमळ. ग्वाड हाय."

खोलीत येऊन रडले. आनंद होता की काय होतं, देव जाणे. या बाईला मी फसवतेय.

१९ जानेवारी

दत्तू आला. थांब्या मागे वळवलेला बघून वैतागला. त्याने पुन्हा लावला, कागदातल्या राईपाशीच, आणि पद अर्ध्यात थांबलं. यंत्राचं नि त्याचं जन्माचं वैर, दोन मिनिटांत हात झटकले.

"आये, ह्यो फोनू आता म्हातारा झाला. पुन्यात एकजन जुनी यंत्रं घेतो, म्या परवा जाताना घिऊन जातो. बाईंनी तरी तुझ्यासाठी किती दिस बसायचं?"

आक्कांनी तोंड भिंतीकडे केलं. सरू म्हणाली, "आवो, आत्याबाईस्नी दुसरं हाय काय?" तर दत्तू, "मग काय करू? बिघडलेलं न्हवं का ते?"

बिघडलेलं नाही. बिघडलेली मी. परवा घेऊन जाणार.

२० जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर स्वतःच्या सोयीने आठवत राहीन.

सकाळीच गेले. म्हटलं, दत्तू, मला एकदा बघू दे. लावणी लावली, हाताने पिन अगदी शेवटाला नेली, नाव-गाव संपतं त्या शेवटच्या खाचेपाशी, आणि कळ हाताला टेकवली. मग पहिल्यापासून वाजवली. सगळे उभे. गाणं झालं, तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, टक्. थांबलं. खरखर एवढीशी नाही.

दत्तू नाचायचा बाकी. "बाई, जादू केली!" मग मी बसले आणि सगळ्या अकरा तबकड्या, दोन्ही बाजू, लावून बघितल्या. प्रत्येकीला कळ कितव्या रेघेवर, ते कागदाच्या चिठोऱ्यावर रेघा ओढून तबकडीच्या मधे चिकटवलं. सरूला आकडे वाचता येत नाहीत, रेघा मोजता येतात. तीन रेघा, पाच रेघा, चार रेघा. दुपार झाली. सरूने स्वतः एक लावून बघितली, माझ्याकडे न बघता, आणि जमलं. चहा आला.

इथे उठून गेले असते तरी चाललं असतं. सगळे खूश होते.

आक्कांनी विचारलं, "मग तवा का जमलं न्हाई?"

सांगितलं. राई नव्हे, खाच. एका ओचा घोळ. दत्तू पोट धरून हसला, सरू पदर तोंडात घालून. मीही हसले. आक्का नाही हसल्या.

"आन हे तुमाला कळलं कवा?"

खोटं जिभेवर तयार होतं, आज सकाळी म्हणून. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरा दिवसांत. दोन महिने होत आले."

हसणं थांबलं. आक्का हळूच, "सांजच्याला तुमी व्हता. दुपारी माझ्यापाशी कोन व्हतं वो?"

मी म्हटलं, "आक्का, हे जमलं असतं तर मला इथे यायला काही कारण उरलं नसतं." हे एवढंच म्हटलं. एवढंच खरं होतं.

"जावा तुमी आता," आक्का म्हणाल्या.

आले.

२१ जानेवारी

दत्तू गेला. फोनो इथेच ठेवून गेला. एवढं तरी झालं.

२४ जानेवारी

शाळेच्या ओट्यावर वर्ग बसतो, तिथवर ऐकू येतं. आज दुपारी तीन तबकड्या. तीनही पुऱ्या झाल्या, तीनही थांबल्या. मी पाढे घेत होते, बारा सक म्हणताना लावणीचा शेवट आला आणि मुलं पुढे गेली, मी मागे राहिले.

संध्याकाळी दोन. मी खोलीत. हाक नाही.

३० जानेवारी

सरू पाणी भरताना भेटली. बरी बोलली. "आत्याबाई दुपारी झोपत न्हाईत आता. गानी आयकत्यात." सासूचं असं हसून सांगत होती. मला विचारायचं होतं, माझं नाव काढतात का. विचारलं, "पिना पुरतात ना?" पुरतात म्हणाली.

४ फेब्रुवारी

कचेरीतून मतदारांच्या याद्या नकलून काढायला आल्यात. हे.मा. म्हणाले, "बाई, जरा काम होतं." घेतलं. संध्याकाळ भरायला बरं. पाचशे नावं लिहिली. अंगणापलीकडे सखू नावाच्या बाईने मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं, ते इथे स्पष्ट ऐकू आलं. लेखणी थांबली. पुढच्या नावावर शाई सांडली.

त्यांचं बरं चाललंय. मला आनंद व्हायला हवा. थोडा झालाही. बाकीचा मत्सर आहे, पितळेच्या बोटभर तुकड्याचा. लाज वाटते.

७ फेब्रुवारी

बदलीचा अर्ज करावा का? भोरला मुलींच्या शाळेत जागा आहे म्हणतात. लिहायला घेतला. 'विनंती की' इथवर.

१० फेब्रुवारी, रविवार

उन्हं कलताना सरू दारात. हात मातीचे, धापा टाकत.

"बाई, आत्याबाईंनी बोलावलंय."

मी लगेच म्हटलं, "फोनो अडला का? स्क्रू ढिला झाला असेल, मी येते."

"न्हाई, चांगला चालतोय की."

"मग पत्र आलंय? वाचायचंय का?"

"पत्र बी न्हाई."

"मग काय काम आहे गं?"

तिला सांगितलेलंच नसावं. "थांबा, इचारून येते," म्हणून अंगणातून पळत गेली, पळत आली.

"काम काय न्हाई म्हनत्यात. नुसतं या, म्हनल्यात."

नुसतं.

सरूच्या लेखी निरोप संपला, ती गोठ्याकडे गेली. मी उंबऱ्यावर तशीच उभी. नुसतं या म्हणजे काय? रागवायला बोलावलं असेल तर ते समजलं असतं, तेही एक कामच. बोलणी खायला मी आनंदाने गेले असते. पण नुसतं जाऊन काय करायचं असतं? बसायचं कुठे? फोनोशेजारच्या पाटावर आता मला कारण नाही, खाटेवर बसायचा माझा हक्क नाही. हात कुठे ठेवायचे? पहिलं वाक्य कुणी बोलायचं?

पिनांची नवी डबी होती ती हातात घेतली, नेऊन देते म्हणून. परत ठेवली. दोन लिंबं घेतली, ती ठेवली. याद्यांचे कागद उचलले, म्हणजे तिथे बसून लिहीत बसता येईल. शी! तेही ठेवले. तोंड धुतलं. केस सारखे केले. दाराशी जाऊन दोनदा परत आले आणि वही काढून हे लिहायला बसले, आहे की नाही शहाणी?

दिवेलागण झाली. आज तिकडे फोनो लावलेला नाही. सगळं शांत आहे, म्हणून आक्कांचा आवाज इथवर येतोय. सरूला विचारतायत, "आल्या का गं?"

सरू काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.